शितावरून भाताची परीक्षा : सुपरहिरो मालिकांची चाल आणि पहिली समीक्षा

मार्च २०१७ मधल्या एका गोष्टीपासून सुरुवात करू. त्या महिन्याच्या १७ तारखेला नेटफ्लिक्सवर मार्व्हलची ‘आयर्न फिस्ट’ ही मालिका यायची होती. १३ भाग, सगळे एकाच दिवशी. ती येण्याआधीच समीक्षकांची परीक्षणे प्रसिद्ध झाली, आणि बहुतेकांचा सूर एकच होता : रटाळ. गोष्ट पुढे सरकत नाही, मारामारीत दम नाही, नायक कंटाळवाणा. समीक्षकांना आगाऊ दाखवलेले भाग होते ६. उरलेले ७ त्यांनी पाहिलेले नव्हते. नायकाचे काम करणाऱ्या फिन जोन्सने यावर जाहीर उत्तर दिले. त्याचा आशय असा, की या मालिका समीक्षकांसाठी नसतातच, त्या मुळात चाहत्यांसाठी असतात.

आता बघा, तक्रार दोन्हीकडून रास्त वाटते. १३ पैकी ६ भाग पाहून सगळ्या मालिकेवर निकाल द्यायचा, हा अन्याय नाही का? आणि उलट बाजूने पाहिले तर ६ भाग म्हणजे जवळजवळ ६ तास. सहा तासांत ज्याची गोष्ट उभी राहत नाही त्याने आणखी सात तास मागायचे, हा तरी कुठला न्याय? चित्रपटाच्या समीक्षकाला हा पेच कधी पडत नाही. तो पूर्ण चित्रपट पाहतो आणि मग लिहितो. कादंबरीच्या समीक्षकाने अर्धे पुस्तक वाचून लिहिले तर त्याला आपण उभे करणार नाही. मालिकेच्या समीक्षकाला मात्र अर्ध्यावर लिहिण्याचीच सोय करून दिलेली आहे; किंबहुना त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

या अर्धवट निकालाला काही आधार असतो का, एवढाच प्रश्न आज घेऊ. आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे थोडे आडवळणाने जाऊ, पण लांब नाही.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. संस्कृत लौकिक न्यायांत हाच स्थालीपुलाकन्याय. स्थाली म्हणजे भांडे, पुलाक म्हणजे भाताचे शीत. एक शीत बोटांनी दाबून पाहिले की भात झाला की नाही ते कळते, सगळे पातेले चिवडावे लागत नाही. हे अनुमान रोज घराघरांत केले जाते आणि ते बहुधा बरोबर निघते. पण का बरोबर निघते? कारण तांदूळ एका जातीचा असतो, एका वेळी वैरलेला असतो, एका आचेवर शिजलेला असतो. यातली एक अट मोडली की शीत खोटे बोलू लागते. वरचे शीत छान मऊ आणि तळाला भात लागलेला, हा अनुभव इथे बसलेल्यांपैकी कुणाला नाही?

नैयायिकांनी या न बोललेल्या अटीला नाव दिले आहे, उपाधी. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कुणी म्हणाला, जिथे अग्नी तिथे धूर. नैयायिक म्हणतो, थांबा. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर निघायला जळण ओले असावे लागते. ओले जळण ही उपाधी. ती लक्षात घेतली नाही तर अनुमान फसते. ‘पहिले सहा भाग रटाळ, म्हणून मालिका रटाळ’ या अनुमानातही अशी उपाधी लपलेली आहे. पुढचे भागही त्याच हेतूने, त्याच आराखड्यावर, त्याच हाताने केलेले असले पाहिजेत. सुरुवातीच्या समीक्षकाने खरे तर हेच शोधायला हवे. भाग संथ आहे हे कुणालाही कळते. तो संथ का आहे, हे सांगणे समीक्षकाचे काम.

‘एजंट्स ऑफ शील्ड’ घ्या. २४ सप्टेंबर २०१३ रोजी एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. पहिला भाग जॉस व्हेडनने दिग्दर्शित केलेला. तोच ‘अव्हेंजर्स’ चित्रपटाचा दिग्दर्शक. त्या चित्रपटात मेलेला एजंट कोल्सन इथे जिवंत. पहिल्या भागाला अमेरिकेत १ कोटी २० लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. आणि मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. दर आठवड्याला एखादी विचित्र वस्तू किंवा विचित्र माणूस सापडतो, विमानातून सगळे तिकडे जातात, भागाच्या शेवटी प्रश्न मिटतो. ग्रँट वॉर्ड नावाचा एजंट तर लाकडाचा ठोकळा. देखणा, शिस्तीचा, आणि अगदी बेचव. समीक्षकांनी हे सगळे लिहिले आणि त्यात चूक काही नव्हते.

मग ४ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेत ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ हा चित्रपट आला. त्यात शील्ड ही संघटनाच आतून पोखरलेली निघते, हायड्रा नावाच्या जुन्या शत्रूने. चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, मालिकेचा १७ वा भाग दाखवला गेला आणि त्याच्या अखेरीस वॉर्ड आपल्याच बाजूच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला गोळी घालतो. तोही हायड्राचाच. एका झटक्यात मालिका बदलली. ज्या संघटनेच्या नावाने मालिका होती ती संघटनाच उरली नाही.

म्हणजे आधीचे १६ भाग संथ होते त्याचे कारण कळले. मालिका चित्रपटाची वाट पाहत होती. गुपित आधी फोडता येत नव्हते, आणि दर आठवड्याला भाग तर दाखवायचा होता. २२ भागांचा सीझन, वाहिनीचा जुना हिशेब. इथे उपाधी सापडते : चालीवरचा अडसर बाहेरचा होता, तारखेचा होता, आणि ती तारीख गेल्यावर तो उठला. ज्यांनी १० भागांवर कायमचा निकाल दिला त्यांचे अनुमान फसले. मालिका पुढे ७ सीझन चालली, २०२० पर्यंत.

पण इथे एक बारीक भेद केला पाहिजे. तो केला नाही म्हणून चाहते आणि समीक्षक उगाच भांडत राहिले. चाहते म्हणतात, १७ व्या भागाने आधीचे सगळे सार्थ झाले. वॉर्डच्या बाबतीत हे खरे आहे. त्याचा बेचवपणा हे सोंग होते, हे कळल्यावर मागची दृश्ये वेगळी दिसतात. संत ऑगस्टीनने काळाविषयी लिहिताना स्तोत्र म्हणणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. म्हणायचे राहिलेले ते अपेक्षेत, म्हणून झालेले ते स्मृतीत, आणि जसजसे म्हणत जावे तसतशी अपेक्षा आटते, स्मृती वाढते. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की गोष्टीत स्मृती नुसती वाढत नाही, तिचा रंगही बदलतो. अर्थ मागे जाऊ शकतो. पण कंटाळा? नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी रात्री आलेला कंटाळा एप्रिलमध्ये परत घेता येत नाही. तो घडून गेला. प्रेक्षकाच्या आयुष्यातला तो एक तास होता. म्हणून ‘१७ वा भाग पाहा, मग कळेल’ असे सांगणारा चाहता अर्थाबद्दल बोलतो आहे आणि ‘मला झोप आली’ म्हणणारा समीक्षक अनुभवाबद्दल. दोघेही खरे बोलत आहेत. आणि वॉर्ड सोडला तर बाकीच्या १६ भागांतले किती मागे जाऊन उजळते? फार नाही, असे आमचे मत.

आता नेटफ्लिक्सकडे येऊ. इथे अडसर वेगळा आहे, आणि तो कधीच उठत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये मार्व्हल-डिस्ने आणि नेटफ्लिक्स यांचा करार जाहीर झाला : ४ नायकांच्या ४ मालिका, प्रत्येकी १३ भागांच्या, आणि शेवटी सगळ्यांना एकत्र आणणारी एक छोटी मालिका. लक्षात घ्या, १३ हा आकडा गोष्टीच्या आधी ठरला. कथा कोणती, खलनायक किती ताकदीचा, हे सगळे नंतर. कुणी शिंप्याला सांगावे की कापड १३ वारच घ्यायचे, अंगावर कुणाच्या जाणार ते मागाहून कळवू, तसा प्रकार.

पहिली मालिका ‘डेअरडेव्हिल’, १० एप्रिल २०१५. हिच्यावर संथपणाचा आरोप फारसा झाला नाही, आणि खरे तर ती बरीच संथ आहे! खलनायक विल्सन फिस्क तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी दिसतो. तोवर त्याचे नाव घ्यायलाही माणसे घाबरतात; एक भाडोत्री मारेकरी नाव सांगून बसतो आणि पुढच्याच क्षणी स्वतःचे डोके लोखंडी टोकावर आपटून जीव देतो. आणि त्यानंतर फिस्क दिसतो तो कुठे? एका कलादालनात, जवळजवळ पांढऱ्याशुभ्र चित्रापुढे एकटा उभा. प्रचंड देहाचा, लाजाळू, काहीसा दुःखी माणूस. तीन तासांची वाट पाहणे त्या एका दृश्यात जमा होते. म्हणजे वाट पाहायला लावणे हा दोष नाही. वाट पाहताना भीतीची मात्रा वाढत होती की नाही, हा प्रश्न.

दुसऱ्या भागातली बोळातली मारामारी तर सगळ्यांनी वाखाणली. पळवून नेलेल्या मुलाला सोडवायला मॅट मर्डॉक जातो. कॅमेरा बोळातच राहतो, दृश्य तुटल्यासारखे वाटत नाही. पण आमच्या मते त्या दृश्याचे मर्म न तुटणाऱ्या कॅमेऱ्यात नाही, थकव्यात आहे. नायक दमतो. भिंतीला टेकतो. पाडलेले गुंड पुन्हा उठतात, तेही दमलेले. सुपरहिरोच्या मारामारीत वेळ जातो हे आम्ही तिथे पहिल्यांदा पाहिले. एरवी या मारामाऱ्यांना वजनच नसते.

‘जेसिका जोन्स’, नोव्हेंबर २०१५. हिची अडचण फार उद्बोधक आहे. किलग्रेव्ह माणसाला तोंडी हुकूम देतो आणि माणूस तो पाळतो. जेसिका त्याच्या तावडीतून सुटलेली. तिच्या अंगात ताकद आहे. ती त्याला मारून मोकळी का होत नाही? मालिकेचे उत्तर पक्के आहे : होप नावाच्या मुलीकडून किलग्रेव्हने तिच्या आईवडिलांचा खून करवला आहे, ती तुरुंगात आहे, आणि ती निर्दोष आहे हे सिद्ध करायला किलग्रेव्ह जिवंत हवा. इथे विलंबाला नैतिक कारण आहे. प्रत्येक लांबलेला भाग म्हणजे जेसिकाने एका मुलीसाठी सोसलेला आणखी एक दिवस. पण १० व्या भागात होप स्वतःच जीव देते, जेसिकाला मोकळे करण्यासाठी. कारण संपले. आणि मालिकेचे ३ भाग उरले! तिथून पुढे जे होते ते करारातले भाग भरणे. शेवटचा सामना चांगला आहे, पण त्याच्या वाटेवर पाणी घातले आहे हे जाणवते.

‘ल्यूक केज’मध्ये उलटेच झाले. ३० सप्टेंबर २०१६ ला ती आली. हार्लेम, तिथला क्लब, अली शहीद मुहम्मद आणि एड्रियन यंग यांचे संगीत. महेरशाला अलीचा कॉटनमाउथ हा या सगळ्या मालिकांतल्या सर्वोत्तम खलनायकांपैकी एक. पहिल्या भागांची जी स्तुती झाली ती योग्यच होती. आणि ७ व्या भागात कॉटनमाउथ मरतो. त्याची चुलत बहीण मराया त्याला खिडकीतून खाली ढकलते आणि माइकच्या स्टँडने मारते. ते दृश्य जबरदस्त आहे, पण मालिकेचा कणाच तिथे मोडतो. त्यानंतर आलेला डायमंडबॅक हा दुसऱ्याच कुठल्या तरी स्वस्त गोष्टीतून आल्यासारखा. म्हणजे शितावरून केलेली परीक्षा इथेही फसली, पण या खेपेला स्तुतीच्या दिशेने. सुरुवातीच्या समीक्षेची चूक म्हटली की आपण नेहमी निंदाच डोळ्यांपुढे आणतो. अकाली स्तुतीकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण तिच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी येत नाही. निर्माता तर येणारच नाही.

आता ‘आयर्न फिस्ट’. डॅनी रँड १५ वर्षांनी, अनवाणी, न्यूयॉर्कमध्ये परत येतो. सगळे त्याला मेलेला समजत होते. तो स्वतःचे नाव सांगतो, कुणी विश्वास ठेवत नाही, त्याला मनोरुग्णालयात टाकतात. कल्पना वाईट नाही. माणूस स्वतः तोच आहे हे कशाने सिद्ध होते, हा तर तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आम्हाला तोंडाला पाणी सुटले होते. पण प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून ठाऊक आहे की हा डॅनीच आहे. मग संशय कुणाला? फक्त पडद्यावरच्या लोकांना. जे आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला पटेपर्यंत आपण बसून राहायचे. त्यानंतर कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठका, शेअर, वकील. कुन-लुन नावाच्या गूढ नगरीत वाढलेला योद्धा काचेच्या खोल्यांमध्ये बसून मालकी हक्कांवर वाद घालतो. सहाव्या भागात द्वंद्वांची मालिका येते, तो भाग संगीतकार रिझा याने दिग्दर्शित केलेला, आणि तिथे जरा जान येते. पण तिथेही नायकाच्या हालचालींत सहजता नाही, आणि ती झाकायला दृश्ये बारीक चिरलेली.

समीक्षकांनी ६ भागांवर निकाल दिला. आम्ही सगळे १३ पाहिले. आमच्या वयाला तेवढा वेळ असतो. निकाल बरोबर होता. का बरोबर होता ते मात्र बहुतेकांनी सांगितले नाही. ‘शील्ड’सारखी बाहेरची तारीख इथे अडवत नव्हती. ‘जेसिका’सारखे विलंबाला कारण नव्हते. संथपणाचे मूळ आराखड्यातच होते, आणि आराखडा १३ भागांना एकच. तांदूळ एक, आच एक. इथे शीत विश्वासार्ह होते. पुढच्या भागांत कॉलीन विंगच्या निष्ठेचा उलगडा होतो, जेसिका हेन्विकचे ते काम उत्तम आहे, पण एवढ्याने पातेल्याची चव बदलत नाही. दुसरा सीझन २०१८ मध्ये आला तो नव्या सूत्रधाराच्या हाताखाली आणि १० भागांचा, म्हणजे निर्मात्यांनाही दुखणे कुठे आहे ते कळले असावे. पण त्याच वर्षी मालिका बंद झाली.

नायक गोरा का, आशियाई का नाही, हा वाद मालिका येण्याच्या बऱ्याच आधीपासून चालू होता. तो वाद खरा आहे, पण तो वेगळा आहे. अनेक परीक्षणांत ही दोन्ही माणके एकमेकांत मिसळली आणि वाचकाला कळेना की मालिका अन्यायकारक आहे म्हणून वाईट की कंटाळवाणी आहे म्हणून. दोन्ही असू शकते, पण लिहिणाऱ्याने सुटे करून सांगावे.

आणि फिन जोन्सचे म्हणणे? ते आम्हाला मालिकेपेक्षाही विचार करण्याजोगे वाटते. ‘ही चाहत्यांसाठी आहे’ याचा अर्थ काय? चाहता धीर घरून घेऊन येतो. त्याने १९७४ पासूनचे कॉमिक वाचलेले असते, पुढे सगळे नायक एकत्र येणार हे त्याला माहीत असते, म्हणून तो आजचा कंटाळा उद्याच्या खात्यावर मांडतो. ठीक आहे. पण मग या तासाची किंमत या तासात नाही, ती दुसरीकडून उसनी आणलेली आहे. आणि ती दुसरी गोष्ट, म्हणजे ऑगस्ट २०१७ मध्ये आलेली ‘डिफेंडर्स’, तीही ८ भागांत कशीबशी उभी राहिली. उसनवारी फिटली नाही.

एक चिठ्ठी आली आहे : ‘मग वांडाव्हिजनचे काय? तीही सुरुवातीला काहीच सांगत नाही.’ चांगला प्रश्न. १५ जानेवारी २०२१ ला डिस्ने प्लसवर २ भाग एकदम आले, मग दर आठवड्याला एक, एकूण ९. समीक्षकांना आधी ३ भाग दाखवले होते. पहिला भाग कृष्णधवल, १९५० च्या दशकातल्या अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकांच्या थाटाचा, तो खरोखरच प्रेक्षक समोर बसवून चित्रित केलेला. काही समीक्षकांना प्रश्न पडला की ही नक्कल किती वेळ चालणार.

इथे आम्हाला कीर्तनाची आठवण होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग. बुवा आधी अभंग घेऊन निरूपण करतात, आख्यान लागते उत्तररंगात. एखादा श्रोता पूर्वरंग संपताच उठून गेला तर त्याचे आख्यान हुकले, हे खरे. पण तो रिकाम्या हाताने गेला का? बुवा चांगले असतील तर नाही. पूर्वरंग हा आख्यानाची नुसती वाट पाहणे नसतो, तो स्वतः काही देतो. ‘वांडाव्हिजन’चा पहिला भाग हसवतो, घरी जेवायला आलेला साहेब, ऐन वेळी उडालेला गोंधळ, हे सगळे नीट जमलेले. आणि मग तो साहेब घास अडकून गुदमरतो. त्याची बायको हसत हसत तेच तेच म्हणत राहते, आणि हळूहळू ते हसणे विनवणीसारखे वाटू लागते. कॅमेरा विनोदी मालिकेची शिस्त सोडून जवळ जातो. काही सेकंदच. दुसऱ्या भागात कृष्णधवल अंगणात एक खेळण्यातले हेलिकॉप्टर पडलेले, त्याला मात्र रंग आहे. गोष्ट ‘काहीच सांगत नाही’ असे म्हणणाऱ्याने हे पाहिलेच नाही. शोकात बुडालेली बाई स्वतःसाठी एक जग रचते आहे आणि ते कडेने उसवते आहे, हे सगळे तिथे आहे. नाव तेवढे दिलेले नाही.

शिवाय आठवड्याचे अंतर. सगळे भाग एका रात्री मिळाले असते तर हेलिकॉप्टरवर कुणी सात दिवस विचार केला नसता. दोन भागांमधला रिकामा काळ हाही चालीचाच भाग आहे, तबल्यावरच्या दोन मात्रांमधल्या जागेसारखा. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेला हे पक्के ठाऊक होते : बुधवारी नायक सापळ्यात, गुरुवारी सुटका. समीक्षकाला मात्र भाग एकदम मिळतात. म्हणजे प्रेक्षक ज्या चालीने मालिका पाहणार आहे ती चाल समीक्षकाने अनुभवलेलीच नसते! याबद्दल परीक्षणांत चकार शब्द नसतो, हे आम्हाला आजही चमत्कारिक वाटते. (आणि हो, ‘वांडाव्हिजन’चा शेवट. ९ व्या भागात आकाशात दोन चेटकिणी एकमेकींवर रंगीत उजेड फेकतात. पहिल्या भागांवरून कुणी या शेवटाचे अनुमान केले असते तर त्याला आम्ही वेड्यात काढले असते.)

दुसरी चिठ्ठी : ‘किती भाग पाहून मालिका सोडावी?’ आकडा सांगणार नाही. आम्ही एवढेच करतो, की कंटाळा आला की स्वतःला विचारतो, हे लोक कशाची वाट पाहत आहेत? उत्तर पडद्यावर सापडले तर बसतो. ते उत्तर कराराच्या कागदात आहे असे दिसले तर उठतो.

आणि अलीकडचे एक उदाहरण राहिले. ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ मार्च २०२५ मध्ये आली, पहिल्या सीझनचे ९ भाग. २०२३ मध्ये तिचे काम निम्म्यावर थांबवून सूत्रधार बदलले होते. नव्या लोकांनी पहिला भाग आणि शेवटचे दोन भाग नव्याने केले. मधले बरेचसे जुन्या मंडळींचे, थोडी डागडुजी करून ठेवलेले. पहिल्याच भागात नायकाचा जिवलग मित्र फॉगी मारला जातो, आणि पाचव्या भागात एका बँकेवरच्या दरोड्याची सुटी, स्वतंत्र, जरा हलकीफुलकी गोष्ट चालू असते, जिला त्या शोकाचा पत्ता नाही. तो भाग एरवी वाईट नाही. पण इथे पातेल्यात भात दोन वेळचा आहे, वर ताजा, मध्ये आदल्या दिवशीचा, तळाला पुन्हा ताजा, आणि समीक्षकाने वरचे शीत दाबून पाहिले तर त्याला काय कळणार?